पाटलाच्या घरचा काचबिंदू

विंझरच्या पाटलाच्या घरात एक जुना मान चालत आला होता. तो आंधळं होण्याचा.

अर्थात आंधळं असं कुणी म्हणत नसे. या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डोळ्यांत उतारवयात देवाचं तेज उतरतं, आणि एकदा देव दिसला की बाकीचं दिसायचं हळूहळू थांबतं, असं सगळे सांगत. सोनबा पाटलाचं तसंच झालं. त्याच्या बापाचंही तसंच झालं होतं. तरुणपणी सोनबा अंगणात उभा राहून समोरच्या डोंगरावरची शेळी कुणाची ते सांगायचा. पुढे त्याला अंगणातली शेळी दिसेना, तेव्हा लोक त्याच्या पायावर डोकं ठेवू लागले.

या तेजाचा कुंडलिकला आयुष्यभर हेवा वाटत आला.

कुंडलिक सोनबाचाच मुलगा, पण दुसऱ्या बायकोचा. सोनबाची पहिली बायको मानसिंगला मागे ठेवून वारली, तेव्हा त्याने साळूबाई नावाच्या विधवेशी पाट लावला. पुढे कुंडलिक झाला. तो लोकांच्या मते जरा लवकरच झाला. साळूबाई पोर पोटात घेऊनच आली, असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावाला आवडलं. मानसिंगला तर इतकं आवडलं की मिसरूड फुटल्यापासून त्याने कुंडलिकला भाऊ म्हणून एकदाही हाक मारली नाही. हाक मारायची वेळ आलीच तर तो "ए गिरणीवाला" म्हणायचा.

सोनबाच्या माघारी घर, पाटीलकीचा रुबाब आणि जत्रेत देवापुढे पहिला नारळ फोडायचा मान मानसिंगकडे राहिला. कुंडलिकने रस्त्याला लागून पिठाची गिरणी टाकली. ती चांगली चालली. घर सिमेंटचं झालं, दारात मोटारसायकल आली. पण जत्रेच्या दिवशी तो गर्दीत मागे कुठंतरी टाचा उंच करून उभा असायचा, आणि पहिला नारळ फुटला की लोक "चांगभलं" म्हणायचे तेव्हा याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

दोन हजार दोन सालच्या थंडीत वेल्ह्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टर खुर्शिदाबाई आल्या होत्या. उद्घाटनाला मानसिंग पाटील. त्याने नारळ फोडला, फीत कापली, आणि डोळे ही देवाची देणगी आहे या विषयावर लोक कंटाळेपर्यंत भाषण केलं. लोकांची भीती मोडावी म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिली तपासणी पाटीलकाकांचीच करू या."

टाळ्या पडल्या. मानसिंग फेटा सावरत खुर्चीत बसला. रांगेत सगळ्यात पुढे कुंडलिक होता. त्याला जवळचं दिसत नव्हतं, चष्मा हवा होता. आणि टेबलावरचा माईक कुणी बंद केला नव्हता.

मानसिंगने समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा खणखणीत वाचली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी त्याचा एक डोळा झाकायला लावला आणि कानाच्या बाजूने बोटं हलवत पुढे आणली.

"बोटं दिसली की सांगा, काका."

"आणा की बोटं," मानसिंग म्हणाला.

बोटं केव्हाची हलत होती. रांगेतल्या सगळ्यांना दिसत होती. बाईंनी मग डोळ्यांत थेंब टाकले, दाब मोजला, छोट्या बॅटरीने आत बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात, पण माईकवर, सांगितलं, "काका, हा काचबिंदू आहे. मधलं चांगलं दिसतं, पण कडेचं गेलंय. डावीकडचं जास्त."

मैदानावरची माणसं वर्गाच्या खिडक्यांशी गोळा झाली.

"घरात आधी कुणाची नजर गेली होती का?"

"गेली न्हवती," मानसिंग ताठ मानेने म्हणाला. "देव उतरला व्हता."

"किती जणांवर?"

"वडलांवर. आज्यावर."

बाईंनी मान हलवली. "म्हणजे दोन पिढ्या. हा आजार रक्तातून येऊ शकतो, काका. तुमच्या मुलांचे, सख्ख्या भावंडांचे डोळे तपासायला हवेत. भाऊ किती?"

"मला भाऊ न्हाई."

सगळ्या रांगेने कुंडलिककडे पाहिलं. मानसिंग उठला, त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला, आणि चौकटीला शिवी देऊन तो निघून गेला.

"पुढचे या," बाई म्हणाल्या.

पण कुंडलिक पुढे झाला नाही. त्याच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. रक्तातून. जे तेज वाटत होतं तो आजार निघाला, याचं त्याला काहीच वाटलं नाही. तो रक्तातून येतो, हे महत्त्वाचं. देवाची मर्जी कुणाला मोजता येत नाही, पण डॉक्टरच्या यंत्राने दाब मोजता येतो. आणि चारचौघांत, माईकसमोर आपले डोळे ठणठणीत निघाले तर? चष्मा न घेताच तो घरी आला.

"काय झालं?" त्याच्या बायकोने, नूतनने विचारलं.

"थोरल्याला काचबिंदू हाय."

"अगं बाई! मग तुमी तोंड का पाडलंय?"

"मला हाय का न्हाई ते कळंना."

"नसंल वो. देव करो आन नसो."

"गप," कुंडलिक खेकसला. "असं वंगाळ बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता एस.टी.त बसला. नसरापूरला गाडी बदलून भोरला उतरला. बाजारपेठेतला डॉक्टरबाईंचा दवाखाना सापडायला वेळ लागला नाही. आत जाताना त्याने चप्पल काढली आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेला. देवळात गेल्यासारखा.

बाईंनी डोळा बधिर करायचा थेंब टाकला. निळा दिवा डोळ्याजवळ आला. कुंडलिक मनातल्या मनात देवाला म्हणत होता, वाढीव दे, बाबा, वाढीव दे.

"दाब वाढलेला आहे," बाई म्हणाल्या.

कुंडलिकने श्वास सोडला.

"आणि मागच्या नसेलाही थोडा मार बसलाय. सुरुवात आहे. उजव्या डोळ्याची नाकाकडची कड जरा गेलीय. तुम्हाला काचबिंदू आहे."

"नक्की ना, बाई?"

"नक्की."

"म्हंजी उद्या कुणी इचारलं तर तुमी मागं न्हाई ना सरकायच्या?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. हा बातमी ऐकून खचलेला माणूस आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मोठा डोळा उघडून दाखवला. त्यातली पापुद्र्यासारखी पारदर्शक चकती बाजूला काढली.

"हे बघा. ही पुढची काच, ही बाहुली, हे तिच्याभोवतीचं बुबुळ. बुबुळामागे एक पाणी सतत तयार होतं. अश्रू नव्हेत, आतलं पाणी. ते बाहुलीतून पुढे येतं आणि इथे, काच आणि बुबुळ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात बारीक जाळी असते, तिच्यातून निचरून जातं. जाळी नीट काम करेनाशी झाली की पाणी साठतं, डोळ्यातला दाब वाढतो. मागे ही नस आहे. डोळ्याने पाहिलेलं मेंदूकडे नेणारी. दाबाखाली तिचे धागे मरत जातात. आधी कडेचे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. आणि गेलेलं परत येत नाही. पण उरलेलं राखता येतं."

"आमच्या घराण्याचीच जाळी तशी हाय म्हनायची."

"असेल. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका बराच वाढतो. पण नात्यातल्या प्रत्येकाला होतोच असं नाही. आणि नात्यात कुणाला नसतानाही होतो. जबाबदार जनुक एकच नसतं, पुष्कळ असतात, आईकडून येतात, बापाकडून येतात."

यातलं 'बापाकडून येतात' एवढंच कुंडलिकच्या कानात शिरलं. बाईंनी थेंबांची बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ न चुकता टाकायला सांगितलं, आणि आयुष्यभर टाकावे लागतील हेही सांगितलं.

"आयुष्यभर!" कुंडलिक हरखून म्हणाला.

विंझरला उतरताना त्याच्या हातात पेढ्यांचा खोका होता. गिरणीसमोर उभं राहून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढा दिला. "काय रं, मुलगी ठरली का?" लोकांनी विचारलं. "काचबिंदू निघाला," कुंडलिक म्हणाला. तोंडात घातलेल्या पेढ्याचं काय करावं हे लोकांना कळेना. मग एकेकाला अर्थ लागत गेला, आणि संध्याकाळपर्यंत गावाला दुसरा विषय उरला नाही. सोनबाचा काचबिंदू मानसिंगला आला, तसा कुंडलिकलाही आला. म्हणजे कुंडलिक सोनबाचाच. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर मोजून सांगितलं. आता नारळाचं काय?

नारळासाठी देवळात बैठक बसली. चैत्राची जत्रा जवळ आली होती. कुंडलिक धुतलेला सदरा घालून आला, खिशातून थेंबांची बाटली लोकांना दिसेल अशी डोकावत होती. मानसिंग आला तो मुलाच्या, हनुमंताच्या पुढे चालत. हनुमंत वरव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला होता, शिकलेला होता आणि बापापुढे सहसा तोंड उघडत नव्हता.

मानसिंगने येतानाच सगळा विचार केला होता. काचबिंदू कबूल केला तर कुंडलिकला भाऊ म्हणून कबूल करावं लागत होतं. म्हणून काचबिंदूच उडवून लावायचा.

"मला काचबिंदू न्हाई," तो उभा राहून म्हणाला. "त्या बाईला देवाचं काय कळतंय? माझ्या डोळ्यांत तेज हाय. ह्याच्या डोळ्यांत रोग हाय. तेज आन रोग एक कसा?"

"शिबिरात बोटं दिसली न्हाईत तुमास्नी," गेनू नावाचा एक म्हातारा मागून म्हणाला.

"बोटं? सुई आणा."

सुई आली. दोरा आला. मानसिंगने सगळ्यांसमोर, समईच्या उजेडात, एका फटक्यात सुईत दोरा ओवला. मग मान वर करून त्याने घंटेवर कोरलेलं, दान देणाऱ्याचं नाव वाचून दाखवलं. बैठकीतली माणसं थक्क झाली. कुंडलिकचं तोंड उतरलं. त्याने स्वतः सुई हातात घेतली असती तर त्याला ती सुई आहे की काडी हेसुद्धा चष्म्याशिवाय कळलं नसतं.

"झालं समाधान?" असं म्हणून मानसिंग विजयी मुद्रेने वळला आणि डावीकडे ठेवलेल्या नगाऱ्यावर सगळ्या अंगाने जाऊन कोसळला.

नगारा दणदणला. नगाऱ्याचा आवाज झाल्याबरोबर सवयीने सगळी बैठक उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने तर आरती सुरू केली. दोन कडवी झाली तरी थांबायचं कुणी, हे ठरेना, कारण मध्येच आरती तोडणं बरं नव्हतं. मानसिंग नगाऱ्याच्या आणि भिंतीच्या मधे अडकून पडलेला, फेटा एका बाजूला, आणि गाव त्याच्याकडे तोंड करून आरती म्हणतंय. आरती संपल्यावर हनुमंताने बापाला बाहेर काढलं.

बैठकीने निर्णय दिला नाही. पण निर्णय न देणं गावाला महागात पडलं. कारण दुसऱ्याच आठवड्यापासून विंझरची माणसं भोरला जाऊ लागली.

पाटलाच्या घराशी आपलं कुठंतरी, कधीतरी रक्ताचं नातं आहे, असं मानणारी घरं गावात थोडीथोडकी नव्हती. कुणाची आजी पाटलाच्या वाड्यात कामाला होती आणि ती फार देखणी होती. कुणाचा पणजोबा पाटलासारखाच उंच होता. आजवर हे दबल्या आवाजात बोललं जायचं, आता त्याला यंत्र मिळालं होतं. गेनू म्हातारा भोरहून परत आला तो रडवेला होऊन.

"काय झालं, तात्या?"

"दाब नॉर्मल निघाला रं," तो म्हणाला आणि देवळाच्या पायरीवर बसला. लोकांनी त्याला पाणी दिलं.

खुर्शिदाबाई मात्र चकित झाल्या होत्या. गावोगाव शिबिरं घेऊन, भिंती रंगवून, पत्रकं वाटून जे झालं नव्हतं ते एका गावात आपोआप घडत होतं. लोक स्वतःहून येत होते, पोराबाळांना आणत होते. डोळे चांगले आहेत असं सांगितलं की त्यांचे चेहरे पडत, हे एक कोडं होतं. काहींना खरंच आजार सापडला. त्यांच्या नजरा वाचल्या. ती मंडळी गावात मान वर करून फिरू लागली, आणि गावातल्या काही जुन्या संसारांत नवी भांडणं लागली.

कुंडलिकला हे आवडलं नाही. त्याच्या काचबिंदूची किंमत उतरत चालली होती. पण खरा घाव घरातच बसायचा होता.

साळूबाई, त्याची आई, आता पार वाकली होती. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती आणि कुंडलिक तोंड वर करून डोळ्यांत थेंब टाकत होता.

"सकाळच्याला बी टाकलंस ना?" तिने विचारलं.

"टाकलं. बाचा वारसा हाय, आये. जपाया नको?"

साळूबाईचे हात थांबले. "कुनाच्या बाचा?"

"माज्या. सोनबा पाटलाचा."

"आन माज्या बाचं काय?"

"तुज्या बाचं काय?"

"त्यो बी असाच गेला की. आदी बाजूचं दिसंना, मग समूरचं. माजा आज्जा बी तसाच. आमी काय तेज म्हनलं न्हाई. आमच्यात आंधळा म्हंत्यात. लोकांच्या दारात बसायचा, कुनी भाकर घातली तर खायचा."

कुंडलिकच्या हातातली बाटली तशीच राहिली. थेंब गालावरून ओघळला.

"हे तू कुनाला बोललीस?"

"मला कुनी इचारलं का कदी? तुमच्या त्या डॉक्टरनीनं बी थोरल्याला बाचं इचारलं, आज्याचं इचारलं. आयचं कोन इचारतंय?"

आईकडून येतात, बापाकडून येतात. बाईंचं ते वाक्य आता पुरतं कानात शिरलं. तो तिच्याशेजारी बसला.

"आये," तो म्हणाला, "मग मी कुनाचा?"

साळूबाईने एक खडा शोधून लांब फेकला. "तुजा बा म्हातारपनी माजा हात धरून फिरायचा. त्येला ठावं व्हतं, मला ठावं हाय. त्येनं जन्मात कदी इचारलं न्हाई. तू आता नातवंडं व्हायच्या वयात इचारतूस? लाज वाटू दे."

आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. कुंडलिकला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

त्या रात्री जेवताना त्याने नूतनला सगळं सांगितलं आणि कुणाजवळ बोलू नकोस म्हणून बजावलं. नूतन म्हणाली, "आत्याबाईंच्या बाला तेव्हा कुनी थेंब दिलं असतं तर?" पुढच्या खेपेला भोरला जाताना तो साळूबाईला बरोबर घेऊन गेला, आणि बाईंनी विचारायच्या आधीच म्हणाला, "हिच्याकडं बी हाय, बाई. लिवा तुमच्या कागदावर." साळूबाईचा डावा डोळा निम्मा गेलेला निघाला. तिलाही थेंब सुरू झाले.

दवाखान्याच्या बाकावर त्याला हनुमंत भेटला. एकटाच, तोंड चुकवत.

"माझी तपासणी झाली, काका," हनुमंत म्हणाला. काका हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला, आणि दोघंही जरा अवघडले. "मला अजून काही नाही. दर वर्षी दाखवा म्हणाल्या. पण अण्णा ऐकत नाहीत. रोज कशाला ना कशाला धडकतात. काल विहिरीच्या कठड्यावर गुडघा फोडला. म्हणतात, थेंब टाकले तर तेज जाईल."

कुंडलिकने क्षणभर विचार केला. मानसिंग विहिरीत पडला तर नारळ कुणाकडे येईल, हा तो विचार होता. पण तो त्याने मोठ्याने बोलून दाखवला नाही. तो हनुमंताला घेऊन आत गेला आणि बाईंना सगळी हकिगत सांगितली. नगारासुद्धा.

खुर्शिदाबाई भोरमध्येच वाढल्या होत्या. पाटील म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात हनुमंताने बापाला कसंबसं आणलं, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"काका, तेज आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं. पण फार आहे. इतकं तेज या वयात डोळ्यांना सोसत नाही. ते थोडं शांत करावं लागेल. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक."

"शांत व्हईल, पर जानार न्हाई ना?"

"आता आहे तेवढं राखू या."

मानसिंगने थेंब घेतले. वाटेत तो हनुमंताला म्हणाला, "बाई हुशार हाय. शिबिरात घाईघाईत बघितलं व्हतं तिनं."

जत्रा आली. नारळाचा निकाल लागलाच नव्हता, आणि गावाने तो लावलाही नाही. मानसिंग नारळ घेऊन निघाला, आणि कुंडलिक कुणाला न विचारता त्याच्या शेजारी, डाव्या हाताला चालू लागला. कुणी अडवलं नाही. ज्यांचे दाब नॉर्मल निघाले होते ते मागे राहून बघत होते.

डाव्या हाताला कुंडलिक आहे, हे मानसिंगला दिसलंच नाही. जन्मभर ज्या जागेसाठी कुंडलिक झुरला होता ती जागा अखेर त्याला मिळाली, ती नेमकी थोरल्याला जिथलं दिसत नव्हतं तिथली. हे कुंडलिकच्या लक्षात आलं तेव्हा त्याला हसावं की रडावं कळेना.

पायऱ्या आल्या. मानसिंगचा पाय पायरीच्या कडेवर अर्धवट पडला.

"पायरी हाय, अण्णा," कुंडलिक म्हणाला.

मानसिंगने आवाजाच्या दिशेने मान वळवली. तेव्हा कुठं त्याला कोण आहे ते दिसलं. गर्दी मागून रेटत होती, थांबायला जागा नव्हती. त्याने नारळ उजव्या काखेत धरला, डावा हात कुंडलिकच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "नीट सांग. अजून किती हायेत?"